ओवादियाची उघडी पोथी

"मेल्यावरसुद्धा शाईचे डाग पुसायचे मीच..."

असं पुटपुटत सिमखा ओल्या फडक्यानं मेज पुसत होती. दारात उभ्या असलेल्या नणंदेनं, ओरोनं, ते ऐकलं.

ही आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे. सिमखा माझ्या आजीची सख्खी मावशी. गाव त्स्फात, पॅलेस्टाईनच्या डोंगरातलं, आम्हा यहुद्यांचं. तुर्कांचा अंमल होता, हिवाळा होता, आणि जे शेवटी झालं ते शब्बाथच्या, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, भर दुपारी झालं.

सिमखाचा नवरा ओवादिया जुन्या पोथ्या उतरवून काढायचा. हातात होती ती स्पेनहून आलेली, पाचशे वर्षांची, गूढविद्येची. पानांचा भुगा होत चालला होता. नक्कल पुरी झाली की ती प्रार्थनाघरात जायची आणि मूळ पोथी माणसासारखी कबरस्तानात पुरायची. देवाचं नाव असलेला कागद आमच्यात टाकून देत नाहीत.

नक्कल अर्धी असतानाच ओवादियानं मेजावर डोकं टेकलं... ते उचललंच नाही.

पोथी उघडीच राहिली.

आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. पोथी उघडी टाकून उठू नये. आपण उठलो की दुसरं कुणीतरी वाचायला बसतं.

ओरोनं दहादा विनवलं, "वहिनी, मिटून ठेवा ना."

सिमखा म्हणायची, त्याचा हात होता तिथंच राहू दे.

सुतकाचे सात दिवस दोघी जमिनीवर बसल्या. आठव्या दिवशी, रविवारी, सिमखा कणीक मळत होती...

भिंतीपलीकडे बोरू करकरला.

ती गेली. खोली रिकामी. नकलेत तीन ओळी वाढलेल्या. तेच वळण. तोच मान तिरकी केलेला लामेद, आमच्या हिब्रूतला 'ल'.

शाई ओली होती.

ती किंचाळली नाही. रडलीही नाही. तो गेल्यापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. दऊत आटलेली दिसली, ती तिनं भरून ठेवली.

मग ते रोजचंच झालं. रोज तीन ओळी. ती रिकाम्या खुर्चीला सांगायची, सावकाश लिही, घाई नाही. नक्कल अर्धी होती तोवर तो घरात होता. पुरी झाली की गेलाच.

गुरुवारी प्रार्थनाघरातले धर्मगुरू, रब्बी, पोथी न्यायला आले. पान पाहिलं. बोटाला लागलेली शाई पाहिली. पाणी मागून प्यायले, यंदा ऑलिव्ह कसे आलेत ते विचारलं, आणि रिकाम्या हातांनी गेले.

शुक्रवारी दुपारी सिमखानं बोरू आणि दऊत धुऊन फळीवर ठेवली. लग्नापासूनची सवय. शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ लागला की आमच्यात एक अक्षर लिहायचं नसतं. ओवादिया तर असा की, एकदा अंगठ्यावर शाई राहिली म्हणून दिवसभर हात पाठीमागं धरून फिरला होता.

शनिवारी जेवताना दोघी आदल्या दिवशीच चुलीवर ठेवलेल्या हमीनच्या कालवणातली अंडी सोलत होत्या. बाहेर ऊन. गल्ली झोपलेली.

करकर... करकर...

थांबत नव्हती. श्वास घ्यायलासुद्धा नाही.

बऱ्याच वेळानं आवाज थांबला. तेव्हा सिमखा उठली. मागोमाग ओरो.

फळीवर बोरू कोरडा होता. दऊत कोरडी, पालथी, ठेवली होती तशीच.

मेजावर पानांमागून पानं भरली होती. मूळ पोथीची चारच पानं उतरवायची उरली होती.

अक्षर तेच. लामेदची मान तिरकी.

सिमखानं शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. काळं झालं.

"एवढी कसली घाई रे," ती खुर्चीला म्हणाली. "सावकाश म्हटलं होतं ना."

खुर्ची मेजाला अगदी लागून होती. आत ओढून घेतल्यासारखी...

ओरो उंबऱ्याच्या आत आली नाही. आठवडाभर गिळलेलं तिनं तिथूनच सांगितलं, हळूच, कुणी ऐकू नये तसं.

"वहिनी, दादा शब्बाथला लिहीत नव्हता."