पाणी कुठे जातं

मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत पोपटचं गॅरेज आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी सलिल तिथे गाडी घेऊन गेला. गाडी तापत होती, एवढंच काम. दोन आठवड्यांपूर्वी कल्याणच्या एका माणसाकडून घेतलेली जुनी गाडी, तिचं काही ना काही निघणारच, असं सलिलने धरून ठेवलं होतं.

गाडी हौसेने घेतलेली नव्हती. आईच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी दोनला ठाण्यात वर्तकनगरच्या एका सेंटरमध्ये तिचं डायलिसिस. डोंबिवलीत जागाच मिळेना. ट्रेनमध्ये तिला चढवणं अशक्य, आणि कॅबवाले एक तर येत नसत, आले तर कॅन्सल करत. सलिल घरून काम करायचा, त्या तीन दुपारी सुट्टी टाकून तिला न्यायचा.

पोपटने बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं. कोरडं.

"साहेब, पाणीच नाय यात. किती दिवसांनी टाकलं?"

"परवाच भरलेलं. काठोकाठ."

पोपटने गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवला. होज पाइप दाबून बघितले, वॉटर पंप बघितला, थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकला, तो वेळेवर उघडला. पंखा फिरत होता. ऑइलची काडी काढली, ऑइलला दुधी रंग नव्हता. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. शेवटी रेडिएटरला हवेचा पंप लावून त्याने रात्रभर प्रेशर ठेवलं. सकाळी काटा होता तिथेच, आणि पुठ्ठ्यावर एक थेंब नव्हता.

"गळत नाय, जळत नाय," पोपट हात पुसत म्हणाला. "मग पाणी जातं कुठे? तुम्ही एक करा. दर वेळी किती टाकता ते मापून टाका. कुठल्या रस्त्याला कमी होतं, तेपण बघा."

सलिलने बघितलं. एकटा बदलापूरला जाऊन आला, तापमानाचा काटा मधोमध. एकटा शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकला, तरी काटा हलला नाही. आईला घेऊन निघालं, की काटई गावाच्या पुढे काटा वर चढायला लागायचा आणि ठाण्यात पोचेपर्यंत दोन-अडीच लिटर पाणी गायब.

त्याच सुमारास सेंटरमध्ये दुसरीच कटकट सुरू झाली. डायलिसिसच्या आधी पेशंटचं वजन करतात. दोन वेळांच्या मध्ये जेवढं वाढलं, तेवढं पाणी अंगात साचलं, असा हिशोब. आईला, म्हणजे मंदाकिनीबाईंना, दिवसाला सातशे मिली पाणी, चहा-आमटी धरून. त्या आपल्या स्टीलच्या वाटीने मोजून प्यायच्या. तहान असह्य झाली की बर्फाचा खडा ओठांवर फिरवायच्या. तरी वजन चार-साडेचार किलोने वाढायला लागलं.

"काकू, चोरून पाणी पिताय ना?" संचिता, तिथली टेक्निशियन, हसत म्हणाली. हसत होती, पण पुढच्या वेळी हसली नाही. "दादा, लक्ष ठेवा. हे फुप्फुसात जाईल. मग मशीनही काही करू शकत नाही."

घरी आल्यावर सलिलने फ्रिजला कुलूप लावलं. पिण्याच्या पाण्याचा पिंप स्वतःच्या खोलीत नेला. आई दारात उभी राहून बघत होती.

"पस्तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं मी," ती म्हणाली. "पाणी चोरेन का रे मी? तुझ्यापासून?"

"मग वजन कसं वाढतं, आई? हवेतून येतं पाणी?"

त्या रात्री ती जेवली नाही. सलिलला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन वजनकाटा आणला, निदान तिची चोरी सिद्ध तरी होईल म्हणून. शुक्रवारी निघताना घरी वजन केलं, एकोणपन्नास किलो सातशे ग्रॅम. सेंटरवर पोचल्यावर बावन्न किलो दोनशे. रस्त्यात तिने एक घोट घेतला नव्हता. गाडीत पाण्याची बाटलीच नव्हती.

परत निघण्याआधी सलिलने मापून गाडीत पाणी भरलं. अडीच लिटर.

पार्किंगमध्ये उभं राहून त्याने दोन वजनांतला फरक काढला, तोही अडीच. मग स्वतःशीच म्हणाला, वजनकाटा स्वस्तातला आहे, दुसरं काय. पण संध्याकाळी त्याने गाडी विकणाऱ्या कल्याणच्या माणसाला फोन लावला. गाडी तापते, एवढंच त्याला सांगितलं.

"मागे कोणी बसतं का?" त्याने विचारलं.

"आई बसते. का?"

"त्यांना पुढे बसवत जा," तो हळू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. नंतर तो नंबर लागलाच नाही.

सोमवारी सलिलने कॅब बोलावली. पहिली कॅन्सल झाली, दुसरीही. साडेबारा वाजले. शनिवार-रविवारचं दोन किलो पाणी आईच्या अंगात होतंच, पाय सुजले होते, दोन जिने उतरेपर्यंत ती तीनदा थांबली. दोनची वेळ चुकली तर मशीन थेट दुसऱ्या दिवशी मिळणार. सलिलने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. डिकीत पाच लिटरचा कॅन ठेवला आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं.

शिळफाट्याला कंटेनर अडकून पडले होते. ऊन असं, की डांबराचा वास गाडीत भरला होता. काटा चढायला लागला. इंजिनची उष्णता आत खेचायला म्हणून सलिलने हीटर पूर्ण चालू केला आणि काचा खाली केल्या. भट्टीत बसल्यासारखं झालं. तरी काटा चढतच राहिला. त्याने गाडी कडेला घेतली, दहा मिनिटं थांबला, फडकं धरून झाकण सोडलं आणि लिटरभर पाणी ओतलं. बॉनेट लावून परत येऊन बसला, तर पुढची सीट रिकामी.

आई मागे बसली होती.

"पुढे तिरीप येते रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात घरघर होती.

"आई, तू एकटी उतरलीस? दार कधी उघडलंस?"

"उशीर होतोय. चल."

मुंब्रा बायपासच्या चढावर काटा लाल रेघेला टेकला. एका बाजूला तापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली दूरवर घरं, मधून ट्रकांची रांग. आईचा श्वास आता मागून स्पष्ट ऐकू येत होता. आत पाणी खळखळल्यासारखा. सलिलने कठड्याला लागून गाडी थांबवली, कॅन घेऊन धावला. हात पोळले, वाफ तोंडावर आली. त्याने कॅन उपडा केला.

रेडिएटरमधून आवाज आला. गट्... गट्... गट्...

पाणी भरताना असा आवाज येतोच, तो मनाशी म्हणाला. मग त्याला दुसरा आवाजही ऐकू आला. बॉनेट आणि काच यांच्यामधल्या फटीतून त्याने आत बघितलं. आईची मान मागे टेकलेली होती, डोळे मिटलेले, आणि तिचा गळा हलत होता. गट्... गट्... गट्...

सलिलने कॅन सरळ केला. गळा थांबला.

त्याने थोडंसं ओतलं. गळा हलला.

त्याने कॅन खाली टाकला, उरलेलं पाणी डांबरावर सांडलं. पाणी न घालावं तर गाडी इथेच बंद पडणार, घालावं तर... तो मागच्या दाराशी धावला. आईचे ओठ निळसर झाले होते, कोपऱ्यात फेस होता. आणि चेहऱ्यावर, इतक्या वर्षांत त्याने न बघितलेलं समाधान होतं.

"आई, उतर. आधी उतर तू!"

"थांब रे..." ती पुटपुटली. "एवढं होऊ दे... ती म्हणतेय, अजून थोडं..."

"कोण म्हणतंय? आई! कोण?"

"ही काय... शेजारी..."

शेजारची सीट रिकामी होती. सलिलने तिकडे पुन्हा बघितलं नाही. त्याने आईला काखेत हात घालून ओढून बाहेर काढलं. पन्नास किलोची बाई, पण त्याला उचलवेना, ओली गोणी उचलावी तसं जड लागलं. तिला छातीशी धरून तो रस्त्याच्या मध्येच उभा राहिला. दोन ट्रक हॉर्न मारत बाजूने गेले. तिसरा एक दह्याचा टेम्पो होता, तो थांबला.

"काय झालं, दादा?" ड्रायव्हरने खाली उडी मारली.

"आई... श्वास... वर्तकनगरला... पाया पडतो तुमच्या..."

चांगदेव त्याचं नाव. त्याने पुढे काही विचारलं नाही. दोघांनी तिला केबिनमध्ये घेतलं. साकेतच्या पुलावर उलट्या बाजूने, दिवे लावून, हॉर्नवरचा हात न काढता त्याने टेम्पो नेला.

सेंटरवर आईला बघताच संचिता ओरडली, डॉक्टर धावले, ऑक्सिजन लागला. वजनाचा आकडा बघून संचिता सलिलकडे वळली.

"सकाळी घरी किती होतं?"

"पन्नास."

"आत्ता चौपन्न आहे. तासाभरात चार लिटर पाणी माणूस पिऊ शकत नाही, दादा. काय केलंत तुम्ही?"

सलिल भिंतीला टेकून खाली बसला.

मशीन पाच तास चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार तास. अर्धा तास उशीर झाला असता तर गेल्याच होत्या, असं डॉक्टर म्हणाले. गाडी पोपटने टो करून आणली. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला.

"साहेब, सगळी खोलली. एक नट सोडला नाय. फॉल्ट नाय सापडला." मग म्हणाला, "तुम्ही हो म्हणा, मी भंगारात देतो. गॅरेजमध्ये नको मला ती."

सलिल हो म्हणाला. पोपटने समोर उभं राहून गाडी कापून घेतली आणि तसा फोटोही पाठवला.

पंधरा दिवसांनी आई घरी आली. आता एक रिक्षावाला ठरवला होता. तो वेळेवर येत होता, वजनही वेळच्या वेळी जेवढं वाढायचं तेवढंच वाढत होतं. सलिलने फ्रिजचं कुलूप काढलं. एका दुपारी वाटीत मोजून पाणी घेऊन तो आईच्या पलंगापाशी बसला.

"आई, मला माफ कर. तू चोरून पीत नव्हतीस."

आईने वाटीतलं पाणी एका घोटात संपवलं आणि रिकामी वाटी बराच वेळ हातात धरून ठेवली.

"मोजून प्यायला लागून तीन वर्षं झाली, सलिल," ती म्हणाली. "तीन वर्षांत कोणी मला म्हटलं नाही, की पी गं, पोटभर पी. डॉक्टर नाही, तू नाही. ती म्हणाली. पहिल्याच दिवशी. म्हणाली, किती सुकलाय गळा तुझा... घे." तिने मान खाली घातली. "मला कळत होतं रे, मरेन मी याने. पण मी नको म्हटलं नाही. एकदाही नाही."

सलिलने तिच्या हातातून वाटी घेतली.

"गाडी कुठे आहे आता?" तिने विचारलं.

"कापली, आई. भंगारात दिली. काही उरलं नाही तिचं."

"कापली?" आई घाबरीघुबरी झाली. मग तिने दाराकडे बघितलं, थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं, आणि तिचा चेहरा हळूहळू निवळला.

"अरे, मग ती बसणार कुठे?" ती कुजबुजली, आणि पलंगावर भिंतीकडे सरकून तिने एका माणसापुरती जागा केली.