कोल्ड रूमची बेल

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझे मामा उगाच काहीबाही सांगणाऱ्यातले नाहीत.

मामा मालवाहू जहाजावर कुक होते, तिथेही सगळे त्यांना मामाच म्हणत. जहाज भर समुद्रात होतं, किनारा कुठेच दिसत नव्हता. आणि रात्रबित्र काही नव्हती.

लख्ख दुपार होती.

आदल्या दिवशी इंजिनरूममधला फिटर गेला. छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. मामांचा जिवाभावाचा दोस्त. रोज दुपारी चहाला यायचा. "आज चहाची पावडर टाकायला विसरलास वाटतं," म्हणून छेडायचा आणि दोन कप रिचवायचा.

जवळच्या बंदराने मृतदेह घ्यायला नकार दिला. त्यापुढच्यानेही. आणि वाट वाकडी करायला कंपनी तयार नव्हती. माल वेळेवर पोचायला हवा होता.

मग फिटरला ठेवायचं कुठे?

मामांच्या कोल्ड रूममध्ये. मटण एका बाजूला सरकवून.

या खोलीत आतून एक बटण असतं. चुकून कुणी अडकलं तर दाबायला. बेल बाहेर स्वयंपाकघरात वाजते.

त्या दुपारी मामांनी चहाचं आधण ठेवलं...

आणि बेल वाजली.

आत कुणी जाणं शक्यच नव्हतं. किल्ली मामांच्याच खिशात होती.

मामा धावले. मनात एकच विचार. हा मेलाच नसेल तर? डॉक्टरने कुठे पाहिलं होतं त्याला?

दार उघडलं...

फिटर ठेवला होता तसाच. त्याला ठेवलेल्या पिशवीवर बर्फाचा पातळ थर, कुठेही न मोडलेला. मामांनी चेन ओढली, नाकाशी हात धरला.

काही नाही.

बेल मात्र थांबली होती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. कॅप्टनने इलेक्ट्रिशियनला वायर कापायला लावली.

"मामा, गारठ्याने शॉर्ट होत असेल," इलेक्ट्रिशियन म्हणाला. कापलेला तुकडा त्याने मामांच्या हातात दिला आणि जिना चढू लागला...

बेल वाजली.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर तो जेवायलासुद्धा खाली आला नाही.

कॅप्टनने कंपनीला कळवलं. उत्तर आलं, 'अलार्म दुरुस्त करून घ्या.' फिटरबद्दल एक अक्षर नाही.

मग बेल वाजली की मामाच दार उघडायचे. जाड जाकीट चढवून आत एका खोक्यावर बसायचे. "आलो रे, आलो," म्हणायचे. बेल थांबायची. दात वाजायला लागले की बाहेर यायचे.

असं कितीतरी दिवस चाललं.

शेवटी एका बंदराने देह घेतला. क्रेनने, माल उतरवतात तसा उतरवला. त्याच संध्याकाळी त्याच खोलीत नवीन मटण भरायचा हुकूम आला. मामांनी खोली धुतली आणि मटण भरलं. करतात काय, नोकरी होती.

घरी परतल्यावर ते फिटरच्या बायकोला भेटले.

"भाऊजी, ह्यांना नीट ठेवलं होतं ना?"

"अगदी नीट, वहिनी. त्याच्याच केबिनमध्ये."

मामांच्याने खरं सांगवलं नाही.

त्यांनी ते जहाज सोडलं. पुढे कंपनीने ते विकलं. नवा मालक, नवं नाव, नवा रंग.

मागच्या महिन्यात मामांना एक अनोळखी फोन आला. त्या जहाजावरचा आताचा कुक होता. कुणाकडून तरी नंबर मिळवला होता.

"मामा, ती कोल्ड रूमची बेल... वायर तर कुठेच जोडलेली नाही. आम्ही आता दार उघडतच नाही. रेडिओ मोठा करतो. काय करू?"

फिटरला तर केव्हाच उतरवलं होतं. घरच्यांनी अग्नीही दिला होता.

मामा म्हणाले, "उघड. थोडा वेळ आत बस त्याच्यापाशी."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मामांना वाटलं, फोन कटला.

पण नाही...

मागे बेल वाजत होती. मामा कान देऊन ऐकत राहिले.

दार उघडल्याचा आवाज आला नाही. कुणीतरी रेडिओ मोठा केला.