तिसरी घंटा

रेनाटो माझ्या गाडीवर आला तो निव्वळ बदली म्हणून. माझा नेहमीचा कंडक्टर आजारी पडला होता. त्या धुकट सकाळी पॉवेल रस्त्याच्या फिरत्या चक्रावर गाडी वळवायला मी खांदा लावला, तर पलीकडून दुसराच कुणीतरी ढकलत होता. दवाने ओले झालेले केस, आणि डोळ्यांत नुसता खट्याळपणा.

“मी रेनाटो,” तो म्हणाला. “मागचा ब्रेक माझा. पुढचं सगळं तुझं.”

पुढचं सगळं म्हणजे दोर. सॅन फ्रान्सिस्कोच्या आमच्या केबल कारला इंजिन नाही. रस्त्याखालून धावणारा पोलादी दोर लांब दांड्याच्या चिमट्यात धरायचा आणि चढ चढायचा. या कामात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे जो तो माझ्या दंडांकडे बघायचा. हा मात्र चेहऱ्याकडे बघत होता…

माथ्यावरच्या चौकात दुसऱ्या मार्गाचा दोर आडवा जातो. तिथे आपला दोर सोडायचा आणि गाडीच्या वेगावरच चौक पार करायचा. त्या सकाळी चौकाआधी मागून घंटा आली. दोन ठोके, निघ म्हणून… आणि मग उगाचच एक तिसरा, गुदगुली केल्यासारखा. मला हसू फुटलं, आणि दोर जरा लवकरच सुटला. गाडी चौकाच्या मधोमध ठप्प.

लाजेने माझे कान तापले. रेनाटो मात्र खाली उतरून पर्यटकांना सांगत होता, की केबल कारमध्ये बसायला सगळ्यांनाच मिळतं, ढकलायला कुणाला मिळतं? झालं, मंडळी हौसेने ढकलायला लागली. तो पुढे माझ्यापाशी आला.

“ती तिसरी घंटा कशाला?” मी फणकाऱ्याने विचारलं.

“तू हसतेस का, बघायचं होतं.”

“मागून काय दिसणार तुला? मध्ये एवढी माणसं—”

“दिसलं नाहीच. पण गाडी थांबली… म्हणजे हसलीस.”

बदली लांबत गेली. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे नुसतं धुकं आणि बोचरा वारा. शेवटच्या थांब्यावर मी आईने दिलेले गरम पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, काढायचे, तो अर्ध्याहून जास्त फस्त करायचा आणि वर आईला नमस्कार सांग म्हणायचा. दिवसभर आमच्यामध्ये माणसांची भिंत असायची. तरी त्याच्या घंटेवरून मला कळायचं, तो दमलाय की खुशीत आहे. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि हे सांगायची हिंमत मात्र होत नव्हती.

मग पाळ्या निवडायचा दिवस उगवला. आमच्यात आधी कंडक्टर, मग दोर धरणारे, आणि दोन्हींत नोकरीत ज्येष्ठ ते आधी निवडतात आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतात. नव्यांना उरलंसुरलं. रेनाटो नोकरीत माझ्याहून खूपच वरचा. तो कॅलिफोर्निया रस्त्यावरची निवांत सकाळ घेणार, हे सगळे धरूनच चालले होते. मीसुद्धा.

तो उभा राहिला. “हाईड रस्ता. संध्याकाळची. सुट्टी मंगळवारी.”

झोंबरा वारा, रेटारेटी, ती पाळी नेहमी माझ्यासारख्यांच्याच गळ्यात पडायची.

“डोकं ठिकाणावर आहे ना?” माझ्यासारखाच दोर धरणाऱ्या म्हाताऱ्या ओटिसने विचारलं.

“नाही,” रेनाटो शांतपणे म्हणाला.

आता त्या पाळीत गाडीच्या पुढची, दोर धरायची जागा तेवढी मोकळी होती, आणि माझ्याआधी ओटिसचा नंबर होता. त्याने हनुवटी खाजवली. “मलाही जरा वारा खावासा वाटतोय…” असं म्हणत माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला. मग तो खुदकन हसला आणि त्याने कॅलिफोर्नियाची सकाळ मागितली.

पाळ्या लिहून घेणाऱ्या कारकुनाने माझं नाव पुकारलं. मी कारकुनाऐवजी रेनाटोकडेच वळले.

“संध्याकाळी तिथे हाडं गोठतात.”

“माहीत आहे.”

“आणि मंगळवारी बाकी जगात कुणालाच सुट्टी नसते. काय करणार आहेस दिवसभर?”

“एकटा? काहीच नाही.” तो अडखळला. “म्हणून तर… सगळ्यांसमोर विचारतोय, येसेनिया.”

मी कारकुनाला तीच पाळी सांगितली. आवाज इतका बारीक निघाला, की त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा माझं उत्तर अख्ख्या खोलीने दिलं.