घोडी कुणाची, स्वार कुणाचा

"घासू नका!"

परभणीच्या बाजारात, भांडी उजळून देणाऱ्या दुकानापुढं मी उभी होते. खापरपणजोबांचं पितळी बक्कल घेऊन. फौजेतलं, हिरवट पडलेलं. दुकानदारानं त्याला चिंच लावायला घेतली आणि मागून हा आवाज...

वळून पाहिलं. सावळा, उंच, धाप लागलेला. बाइक रस्त्यात तशीच चालू ठेवून धावत आलेला.

"घासलं की नंबर जाईल. नंबर गेला की माणूस गेला."

"तुम्ही कोण?"

"हरिओम."

"नाव सांगताय की नमस्कार करताय?"

तो हसला. असा हसला, की बक्कल दुकानदाराच्याच हातात आहे हे मी विसरले.

जिंतूरच्या कॉलेजात तो इतिहास शिकवायचा. इंग्रजांच्या काळात हिंगोलीच्या छावणीत घोडेस्वारांचा एक रिसाला असायचा. नाव निजामाचं, हुकूम गोऱ्या साहेबाचा. त्यातले स्वार कुठल्या गावचे, कुठल्या घरातले, हे शोधत तो गावोगाव फिरायचा. जुने मोडी हजेरीपट त्याच्या मोबाईलमध्ये भरलेले.

त्यानं बक्कल उन्हात तिरकं धरलं. "दोनशे चौदा."

मला तेच हवं होतं. राणीसावरगावला आमच्या फाटकाशी एक कोरा दगड उभा होता. त्यावर खापरपणजोबांचं नाव, 'शिलेदार भुजंगराव', कोरायचं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं होतं. शिलेदार, म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी फौजेत जाणारा. पण पारावर कुणीतरी हसत विचारलं, "पुरावा काय, दिनकरराव?" दादा त्या दिवशी जेवले नाहीत. पुरावा आणायचं मी कबूल केलं होतं.

मी कृषी विद्यापीठात शिकत होते. हरिओम दर शनिवारी विद्यापीठाच्या फाटकापाशी यायचा. चहाच्या टपरीवर बसायचो.

"सापडलं?"

"न्हाई अजून. शोधायलोय."

"इतके दिवस?"

"मोडी हाय मॅडम, व्हॉट्सॲप न्हाई."

रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या, पांढरे पुंजके हवेत तरंगत राहायचे. एकदा एक माझ्या केसांत अडकला. त्याचा हात वर आला... आणि मध्येच थांबला.

"काय झालं?"

"कापूस."

"मग काढा की."

"राहू द्या. लय शोभायलाय."

चौथ्या शनिवारी तो चहा आणायला उठला आणि त्याच्या वहीतून एक कागद घसरला. मोडी ओळींमध्ये २१४ ला लाल गोल. खाली पेन्सिलीनं त्याचंच अक्षर: 'बारगीर भुजंग. घोडी शिलेदार दत्तराव यांची, जिंतूर.'

बारगीर. म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा.

तो ग्लास घेऊन आला आणि तिथंच उभा राहिला.

"दत्तराव कोण?" मी विचारलं.

"...माझे खापरपणजोबा."

"हे कधी सापडलं?"

"दुसऱ्या शनिवारी."

"आणि लपवलंत?"

"सांगितलं असतं तर... तिसऱ्या शनिवारी आला असता तुमी?"

गाल तापले. रागानं — बहुतेक रागानंच. "आता दादांना काय सांगू मी?"

"मी सांगतो. मंजुषा, ऐका तरी, अजून एक ओळ —"

मी ऐकलंच नाही. कागद घेतला आणि एसटी पकडली. गंगाखेडच्या पुढं खिडकीतून पाहिलं, तर मागं धुळीत एक बाइक.

दादांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून नुसतेच फाटकाकडं बघत बसले. "म्हंजे... घोडं आपलं न्हवतं."

"काका," हरिओम दारातच उभा होता, "समासातला शेरा राहिला, दत्तरावांनी लिहून दिलेला. मी वाचतो." पुढं येऊन, मोडीवर बोट ठेवून तो एकेक शब्द सोडवत गेला: "सदरहू घोडी... भुजंगाखेरीज... कोणास पाठीवर बसू देत नाही."

दादांनी मान वर केली. "मालकालाबी?"

"न्हाई. माझ्या खापरपणजोबाला लाथ बसली होती म्हणं. आमच्या घरी अजून सांगतेत."

दादा आधी गालात हसले, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "मग बारगीरच कोरा. आन् खाली हा शेरा. जसाच्या तसा!"

मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. कोऱ्या दगडावर त्याचा हात होता.

"काकांना एक सांगायचं राहिलं."

"काय?"

"तो शेरा... आमच्याकडं अजून लागू हाय." त्यानं बाइकच्या मागच्या सीटवरची धूळ रुमालानं पुसली. फार सावकाश पुसली. "हितं आजवर कुणाला बसू दिलं न्हाई."

"का? लाथ मारते?"

"बसून बघा की..."

मी बसले.

आता त्याच बाइकवर टाकीपाशी आमची लेक सृष्टी बसते. दुसरं कुणी पुढं बसलं की रडून गल्ली गोळा करते. दादा तिला उचलून दगडापाशी नेतात, तिचं इवलं बोट कोरलेल्या अक्षरांवरून फिरवतात आणि जावयाला म्हणतात, "आमच्याकडं बघू नका. लिहून दिलंय तुमच्याच लोकांनी!"