सतरा जणांचं पान

हे खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, खोटं सांगून मला काही मिळायचं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. ६ ऑक्टोबर २०२१, सर्वपित्री अमावास्या, भर दुपार. सिडनीतलं क्वेकर्स हिल. लॉकडाऊन उठायला चार-पाच दिवस राहिले होते.

आमच्या शेजारी मिकोला नावाचे आजोबा राहायचे. वय सत्त्याण्णव. युक्रेनमधल्या एका लहानशा खेड्यातले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं गाव जाळलं गेलं. बटाटे साठवायच्या तळघरात लपलेले सतरा जण सैनिकांना सापडले आणि तिथेच मारले गेले. गावातून वाचले ते एकटे मिकोला. त्या गावाचा इतिहास ते इंग्रजीत वहीत लिहायचे आणि मी टाइप करून द्यायचे. कुंपणावरून वही यायची, इकडून थालीपीठ जायचं. लॉकडाऊनमध्ये तेवढीच सोबत.

त्या सतरा जणांची नावं टाइप केली आणि घरात वास सुरू झाला...

सडक्या बटाट्यांचा.

ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको. घशात जाऊन बसतो. मी बटाट्यांची टोपली धुतली, फ्रिज सरकवला, सिंकमध्ये ब्लीच ओतलं. माझा नवरा शैलेंद्र म्हणाला, "मला तर कसलाच वास येत नाहीये," आणि घाबरून कोविड टेस्ट करून आला. निगेटिव्ह.

मग आवाज...

जमिनीखालून. कुणीतरी नखांनी फळी खरवडतंय असा. आमचं घर काँक्रीटच्या स्लॅबवर आहे. खाली जागाच नाही.

माझे बाबा मे २०२० मध्ये पुण्यात गेले. विमानं बंद. अंत्यदर्शन मी फोनवर घेतलं. म्हणून त्या सर्वपित्रीला मी स्वतः पान वाढलं. भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी. बॅकयार्डमध्ये नेऊन ठेवलं. शेजारी दुसरं पान ठेवलं, त्या सतरा जणांचं. ज्यांचं करणारं कुणी नाही त्यांचंही सर्वपित्रीला होतं, असं आई म्हणते. वाटलं, तेवढंच पुण्य. वहीतून एकेक नाव मोठ्याने वाचलं.

तिथेच चुकलं.

एकही पक्षी आला नाही. एरवी त्या दिवसांत मॅगपाय डोक्यावर झडप घालतात, कावळे बिनमधला कचरा ओढून काढतात. त्या दुपारी अख्खी गल्ली मुकी...

"बाबा, आईला सांभाळीन. बॉर्डर उघडली की पहिल्या विमानाने येईन."

काही नाही.

अर्ध्या तासाने दुसऱ्या पानाकडे लक्ष गेलं. भात हलत होता...

अळ्या होत्या. वड्यांवर हिरवी बुरशी, खिरीला काळं पाणी सुटलेलं. मी तिथेच ओकले.

मिकोला कुंपणापाशी येऊन उभे होते. "व्हॉट्स ऑल धिस, विनीता?"

मी सांगितलं. कावळा शिवत नसेल तर गेलेल्याची काही इच्छा राहिलेली असते. ती ओळखून शब्द द्यायचा, मग शिवतो. "तुमचीच माणसं आहेत. तुम्हीच बोला काहीतरी."

ते हसले नाहीत. कुंपणावरून त्या पानाकडे वाकले. मग त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलले.

पंखांची फडफड झाली...

कुंपणावर कावळा. पानाला शिवला नाही. माझ्याकडे बघत बसला.

"काय म्हणालात त्यांना?"

"तळघर मी दाखवलं." आवाज अगदी साधा, हवापाण्याचं बोलावं तसा. "सैनिकांनी विचारलंसुद्धा नव्हतं."

"का पण?"

"बुटांसाठी, लव्ह. थंडी फार होती." मग म्हणाले, "बुकमध्ये नको घालूस हं."

या माणसाने दिलेले टोमॅटो मी कोशिंबिरीत घातले होते. मला माझ्या तोंडाची शिसारी आली. त्यानंतर मी त्याला आजोबा म्हटलेलं नाही.

मी पानांकडे वळून म्हणाले, "मी लिहीन. जसं झालं तसं लिहीन."

कावळा उतरला. अळ्यांसकट ते पान त्याने साफ केलं, मग बाबांच्या भाताला चोच लावली आणि उडाला. घरातला वास गेला. आवाजही गेला.

तीन आठवड्यांनी म्हातारा कोविडने वारला. त्याची मुलगी आमच्या दारात मास्क लावून रडत होती. "डॅडचं बुक झालं का? फ्युनरलला वाटायचंय."

शैलेंद्र आत येऊन हळूच म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? देऊन टाक ना."

मी दिलं. त्यात लिहिलंय, सैनिकांना तळघर सापडलं. पहिल्याच पानावर म्हाताऱ्याचा हसरा फोटो आहे.

त्यानंतर दर सर्वपित्रीला मी एकच पान वाढते, बाबांचं. कावळे येतात, कुंपणावर रांगेने बसतात, माझ्याकडे बघतात...

शिवत नाहीत.

एका वर्षी पुण्याला जाऊनही ठेवून पाहिलं. तिथेही तेच. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना तुझ्याकडून काय हवंय गं?" मी पान उचलून आत नेलं.

कावळा कशाने शिवेल ते मला ठाऊक आहे. फाइल लॅपटॉपवर आहे, एक वाक्य बदलून त्या मुलीला पाठवायचंय. माझ्याच्याने होत नाही. मेलेल्यांना शब्द दिला आणि जिवंत बाईच्या रडण्याला घाबरून मोडला, याची मला किळस येते. म्हणून इथे लिहिलं. वाटलं, एवढ्यावर भागेल.

पण गावाचं नाव मी इथेही टाकलं नाही. त्या सतरा जणांचीही नाहीत.

हे लिहितानाच पुन्हा वास आला...

मी शैलेंद्रकडे पाहिलं. या वेळी त्यानेही नाकाला रुमाल लावला होता.