आवाज आधी, हळबे मागून

पडद्यावर एक सपाट रेघ सरकत होती आणि काचेपलीकडे मुकुंद हळबे पत्नी शैलजाबाईंशी मजेत गप्पा मारत होते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडणे अशक्य होते.

"पट्टी बंद पडलीय, मॅडम," अभियंता फिरोज तांबोळी म्हणाला. "आज नाही, दोन आठवडे झाले."

डॉ. निहारिका चिंधडे यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. कर्करोगामुळे हळब्यांचे स्वरयंत्र काढावे लागले होते. त्यांच्या हनुवटीखालची संवेदनपट्टी जिभेच्या आणि जबड्याच्या स्नायूंतील विद्युतसंदेश टिपत असे. छातीवरचे 'स्वरसेतू' हे यंत्र त्या संदेशांचे शब्द करून हळब्यांच्याच जुन्या आवाजात उच्चारत असे. हळबे आयुष्यभर सूत्रसंचालक होते. लग्ने, सत्कार, स्नेहसंमेलने अशा सगळ्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध होती; त्यांवरूनच तो आवाज घडवला होता.

"पट्टी बंद, तर बोलतंय कोण?"

"पूर्वानुमानक. सुरुवातीला शब्द उशिरा यायचे, लोक त्यांना मधेच तोडायचे. म्हणून आपणच तो बसवला. समोरच्याचं बोलणं ऐकायचं, हळबे काय म्हणतील ते ताडायचं, संदेश यायच्या आधीच सुरुवात करायची. चुकलं तर संदेश त्याला थांबवणार, असं ठरलं होतं."

"आणि संदेशच येत नाही."

"त्यामुळे चुकतही नाही," फिरोज म्हणाला. "या दोन आठवड्यांत त्यांची एकही तक्रार नाही."

काचेपलीकडे जाऊन हळब्यांची पट्टी सोडवल्यावर कारण सापडले. तिच्याखाली टाल्कम पावडरचा पांढरा थर होता.

"शंभरदा सांगितलं यांना," शैलजाबाई वैतागल्या. "चारचौघांत बोलायचं म्हटलं की आधी मानेला पावडर! स्टेजची सवय."

"अहो, घामेजलेला निवेदक कोणाला आवडतो?" स्वरसेतू प्रसन्नपणे म्हणाला. हळब्यांचे ओठ त्याबरोबर हलले. बरोबर नव्हे, किंचित मागून.

पट्टी डॉक्टरांच्या हातात होती.

"हळबेसाहेब, आत्ताचं वाक्य तुमचं नव्हतं."

"वा! मग काय तुमचं होतं?" स्वरसेतू उत्तरला. ओठ पुन्हा मागून हलले. हळब्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होते. आपण बोललो, याविषयी त्यांना शंकाच नव्हती.

शैलजाबाईंचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे परवाचा फोनसुद्धा? वडिलांच्या आजारपणावरून भांडण झालं, तेव्हापासून हे मोठ्या भावाशी एक शब्दही बोलले नव्हते. परवा दादांचा फोन आला आणि हे म्हणाले, 'झालं गेलं विसरा, या.' दादा निघालेत. इथंच येतायत. यांनी बोलावलं, की या डबीनं?"

डॉक्टरांनी पूर्वानुमानक बंद केला, हळब्यांची मान पुसली, पट्टी नीट चिकटवली. आता संदेश आला तरच आवाज येणार होता.

"दादांना तुम्ही माफ केलंत का?"

हळब्यांनी तोंड उघडले. पण शब्द जुळवायला ना जीभ हलली, ना ओठ. ते कान देऊन वाट पाहत राहिले. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, तेव्हा ते गोंधळले. त्यांनी खुणेने कागद मागितला आणि लिहिले: 'कळत नाही. आधीसारखं सुरू करा. ऐकून सांगतो.'

त्याच वेळी दार ढकलून एक वाकलेले गृहस्थ आत आले. "मुकुंदा," ते म्हणाले आणि तिथेच थबकले.

हळबे जागचे हलले नाहीत. थोरल्या भावाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग ते दाराकडे वळू लागले.

"थांबा, दादा," शैलजाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी अडवण्याआधीच त्यांनी पूर्वानुमानकाची कळ दाबली.

"या दादा, या!" खोली त्या भरदार आवाजाने भरली. "तुमच्याशिवाय घर अपुरं होतं."

हळबे ते ऐकत होते. मग ते उठले आणि भावाला मिठी मारून हमसून रडू लागले. गळ्यात बसवलेल्या श्वासाच्या नळीतून नुसता श्वास फुटत होता.

"हे मनापासून म्हणतोयस ना रे?" दादांनी विचारले.

या वेळी यंत्र काही बोलायच्या आत हळब्यांनीच जोरजोरात मान हलवली.

"मान हलवायला पूर्वानुमानक लागत नाही," फिरोज हळूच म्हणाला. "म्हणजे माफी त्यांची स्वतःचीच."

"मान हलली ती वाक्य ऐकल्यानंतर," डॉ. चिंधडे म्हणाल्या. "माफी आधीच होती, की ऐकून आली?"