बुटांच्या दुकानातली निळी शिफ्ट

आधीच सांगते, यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय मी. पहाटे साडेपाचला काचेवरचा बर्फ खरवडणाऱ्या बाईला भुताखेतांचे लाड परवडत नाहीत. कुणी असलं काही सांगायला लागलं की सगळ्यात आधी मीच हसायचे.

आता हसत नाही.

आणि ही काही रात्रीची गोष्ट नाही. गेल्या वर्षीचा जानेवारी, एकोणीस तारीख, गुरुवार. दुपारचे सव्वातीन.

आमच्या गावात रुळांपलीकडे एक जुनं गोदाम आहे. त्याच्या आत एक अख्खं छोटं गाव होतं. पोरांना अर्थशास्त्र शिकवायला बांधलेलं. पाटीवर ‘ज्युनियर मेन स्ट्रीट’ असं भारदस्त नाव, पण आम्ही ‘छोटं गाव’च म्हणायचो. बँक, वीज कंपनी, रेडिओ, सात दुकानं. सगळं पोरांच्या मापाचं. छताला आभाळ रंगवलेलं. आख्ख्या कॅन्ससमध्ये असं दुसरं नाही, असं आमच्या बाई छाती फुगवून सांगायच्या.

पाचवीचा प्रत्येक वर्ग वर्षातून एकदा तिथे जायचा आणि दिवसभर ते गाव चालवायचा. आधी सहा आठवडे वर्गात तयारी. नोकरीसाठी अर्ज लिहायचा, मुलाखत द्यायची. अकरा वर्षांची पोरं आम्ही, बापाचे टाय घालून मुलाखतीला बसलेली!

मला बुटांचं दुकान मिळालं. खऱ्या मेन स्ट्रीटवर माझ्या बाबांचं दुकान होतं, ‘हॅस्किन शूज’. छोट्या गावातल्या दुकानावरही त्यांचंच नाव होतं. तिथे बूट नव्हते, रंगीत नाड्या विकायच्या. बाबा दरवर्षी हौसेनं मदतीला यायचे.

तिथे एकच नियम कडक होता. तीन शिफ्ट. लाल, पिवळी, निळी. रेडिओवरचं पोर कर्ण्यावरून पुकारणार, “लाल शिफ्ट, सुट्टी!” पण पुकारलं म्हणून लगेच निघायचं नाही. तुमच्या जागेवर दुसरं कुणी येऊन उभं राहिलं की मगच सुटका.

“तुझी सुट्टी कुणाच्या तरी उभं राहण्यातून येते,” बाई म्हणायच्या. “अर्थशास्त्राचा पहिला धडा हाच.”

माझी शिफ्ट निळी. मला जोराची लागली होती. पुकारलं तशी मी पळाले. परत आले तर बाबा गल्ल्यापाशी उभे, चेहरा लाल.

“दुकान उघडं टाकून गेलीस?”

“बाबा, मला एक नंबरला...”

“कुणी आलं होतं तुझ्या जागेवर?”

“नाही.”

“मग?”

सगळ्यांदेखत. चाळीस वर्षं होत आली, अजून कान गरम होतात.

त्या दिवसाचं आणखी एक आठवतं. संध्याकाळी आम्ही सगळे बसमध्ये बसलो होतो. डोकी मोजून झाली, कुणी कमी नव्हतं...

आणि आत, रिकाम्या गोदामात, कर्ण्यावर कुणीतरी पुकारलं. “निळी शिफ्ट, सुट्टी.”

टेप राहिली असेल चालू, बाई म्हणाल्या.

पुढे हायवेवर मोठं दुकान आलं आणि मेन स्ट्रीट मेली. बाबांचं दुकान शहाण्णवमध्ये गेलं. छोटं गाव मात्र २००८ पर्यंत चाललं. मग तेही बंद. वीज तोडली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या.

आता त्या गुरुवारचं.

बाबा चौऱ्याऐंशीचे होते आणि आमच्याकडे राहायचे. त्यांना विसर पडायला लागला होता. कधी माझं नाव विसरायचे, कधी आई गेलीय हे विसरायचे. मी बस लावून घरी आले तर मागचं दार सताड उघडं. त्यांचा कोट खुंटीवर. हातमोजे टेबलावर.

बाहेर उणे चौदा.

बर्फात पावलं उमटलेली होती. मी आणि माझा नवरा रँडी ट्रक घेऊन त्या पावलांमागे निघालो. नऊ गल्ल्या. रूळ. आणि सरळ त्या गोदामाच्या बाजूच्या दारापर्यंत.

कुलूप उघडं. मदतीला यायचे तेव्हाची जुनी किल्ली म्हाताऱ्यानं इतकी वर्षं जपून ठेवली होती.

“तू आत बघ,” रँडी म्हणाला. “मी मागच्या बाजूनं जातो. शेरीफलाही फोन करतो. आणि मार्ला, डोकं सांभाळ, दारं बुटकी आहेत.”

मी फोनचा दिवा लावून आत शिरले.

पंधरा वर्षं बंद असलेल्या जागेला कुबट वास यायला हवा ना? तिथे वास नव्हता. धूळही नव्हती.

“बाबा...?”

मी पुढे सरकले.

बँक. वीज कंपनी. रेडिओची काच. दारं माझ्या खांद्याएवढी. चुकून मोठी झाल्यासारखी मी त्या रस्त्यावरून चालले होते.

मग घंटी वाजली.

दुकानाच्या दाराची घंटी. टिंग.

बाबा आत होते. पोरांच्या स्टुलावर, गुडघे छातीशी. गळ्यात पोरांचा ॲप्रन. ओठ निळे पडलेले. समोर गल्ल्यावर नाड्यांचे जोड ओळीनं मांडलेले.

“बाबा! अहो, काय हे! जीव घ्याल माझा एक दिवस!”

“हळू बोल,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक आहे.”

मी दिवा फिरवला. कुणी नव्हतं.

“चला. उठा.”

“असा कसा येऊ? माझ्या जागेवर कुणी आलेलं नाही.”

मी त्यांना ओढलं. पन्नास किलोचा माणूस, पण गल्ला असा धरून ठेवला होता की बोट सुटेना. हात बर्फासारखे. त्यांचं थरथरणं थांबलं होतं. थरथरणं थांबलं की माणूस फार वेळ टिकत नाही, हे आम्हाला बसच्या प्रशिक्षणात शिकवतात.

मी रडकुंडीला आले. मग सुचलं.

“बाबा, मी आलेय ना. माझी शिफ्ट आहे. तुम्ही सुटलात.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गड्याला कामावर ठेवताना मालक बघतो ना, तसं.

“नक्की? मागच्या वेळी पळून गेली होतीस.”

“या वेळी नाही पळणार.”

“शपथ?”

“शपथ, बाबा.”

त्यांनी ॲप्रन काढून माझ्या गळ्यात घातला. मागे गाठ स्वतः मारली. मग बुटकं दार उघडून बाहेर गेले. ताठ. दहा वर्षांत त्यांना इतकं ताठ चाललेलं बघितलं नव्हतं. लांबून रँडीचा आवाज आला, “सापडले! अगं, सापडले!”

मी सुटकेचा श्वास सोडला आणि गाठ सोडायला हात मागे नेला.

खर्र...

वर कर्णा खरखरला. माईकवर कुणीतरी फुंकर मारली.

वीज नाही हो तिथे! पंधरा वर्षं नाही!

“लाल शिफ्ट, सुट्टी.” पोरीचा आवाज. वाचून दाखवल्यासारखा.

थोडा वेळ गेला.

“पिवळी शिफ्ट, सुट्टी.”

मी वाट बघत राहिले. निळी पुकारलीच नाही.

टिंग.

दार हललं नाही. पण समोर नाड्यांचे सात जोड होते, ते सहा झाले.

टिंग.

पाच.

मी किंचाळायला हवं होतं. पळायला हवं होतं. पण खरं सांगू? मला थंडी वाजायची थांबली होती. छान वाटत होतं. माझं माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा मी उरलेल्या नाड्या सरळ करत होते. लाल लालशेजारी, हिरव्या हिरव्याशेजारी. मनात एकच विचार... दुकान उघडं टाकून कसं जायचं?

तो विचार माझा नव्हता. आणि माझाच होता.

किती वेळ गेला कोण जाणे.

मग कर्णा पुन्हा खरखरला. “निळी शिफ्ट, सुट्टी.”

बुटकं दार उघडलं. कुणीतरी माझ्या मागे आलं. माझ्या ॲप्रनची गाठ कुणीतरी ओढली... खालून, कमरेच्या उंचीवरून. छोट्या बोटांनी.

“मी आले,” ती म्हणाली. “जा तू.”

मी गेले.

मागे वळून बघितलं नाही. बाहेर पडले तर मिट्ट काळोख. शेरीफचे दिवे फिरत होते. रँडीनं मला धरलं तेव्हा तो रडत होता. पावणेसात वाजले होते. मला वाटलं होतं, दहा मिनिटं झाली असतील.

“त्या दुकानात दोनदा बघितलं आम्ही,” तो म्हणत होता. “दोनदा, मार्ला! तू नव्हतीस तिथे!”

थंडीनं बाबांची दोन बोटं गेली, पण जीव वाचला. चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ते अगदी शुद्धीवर होते. माझं नाव, तारीख, सगळं आठवत होतं. मी सूप भरवत होते.

“दुकानात कोण आहे आता?”

“बंद करून आले, बाबा.”

“खोटं बोलू नकोस, मार्ले. तुला सोडवलं कुणी?”

त्यांना सांगितल्यावाचून राहवलं नाही. “एका मुलीनं.”

“केवढी होती?”

मी खांद्याखाली हात धरून उंची दाखवली.

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलायला लागले. आई गेली तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता.

“पाचवीतलं लेकरू,” ते म्हणाले. “आणि तू तिला एकटीला ठेवून आलीस?”

मी शेरीफच्या ऑफिसात विचारलं. शाळांमधून विचारलं. त्या दिवशी जिल्ह्यातलं एकही मूल हरवलेलं नव्हतं. शेरीफच्या माणसांनी गोदाम पुन्हा उघडून बघितलं. धूळच धूळ. उंदरांच्या लेंड्या. बस.

बाबा ऑक्टोबरमध्ये गेले. शेवटपर्यंत रोज जेवताना विचारायचे, “गेलीस का तिला सोडवायला?” मी म्हणायचे, उद्या. मला भीती वाटत होती. आजही वाटते. लाज वाटते ती वेगळीच.

माझ्या बसचा रस्ता त्या गोदामावरूनच जातो. दिवसातून दोनदा. मी तिकडे बघत नाही.

मे महिन्यात, शाळेच्या शेवटच्या आठवड्यात, टेस नावाची मुलगी उजवीकडच्या खिडकीशी बसली होती. गोड पोर, तोंडाची टकळी कधी थांबत नाही. गोदाम आलं आणि ती एकदम गप्प झाली. मग तिनं हात हलवला.

मी आरशातून बघितलं. “कुणाला गं?”

“त्या मुलीला, मिस मार्ला.”

त्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत. मघाशीच सांगितलं मी.

“कुठली मुलगी?”

“ती रोज असते. आज बोलली.”

“काय बोलली?”

“तिला सुट्टी हवीय म्हणे. मला विचारलं, तू कितवीत? मी म्हटलं चौथीत.” टेस खांदे उडवून हसली. “मग म्हणाली, पाचवीत गेलीस की ये.”

मी तिला त्या खिडकीतून उठवून माझ्या मागच्या सीटवर बसवलं. तिच्या आईला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग शाळेत माझी तक्रार केली. मी रस्ता बदलून मागितला, तर म्हणाले, दुसरा ड्रायव्हर नाही.

ऑगस्टच्या चौदा तारखेला शाळा उघडते. टेस पाचवीत जाईल. तिच्याऐवजी तिथे उभी राहू शकेल अशी एकच बाई या गावात आहे.

आज जुलैची एकवीस. रँडीला मी अजून काही सांगितलेलं नाही.